वाचकांचे प्रश्न: टीमने वॉरगेम वीकेंडला जाताना

मागच्या अंकात ऐतिहासिक मिनिएचर वॉरगेमिंगबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांना एकच विचारायचंय, की दोन दिवसांच्या टीम इव्हेंटला नाव तर दिलंय, आता तयारी कशी करू. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: धातूच्या किंवा प्लास्टिकच्या, स्वतः रंगवलेल्या सैनिकांच्या फिगर्स, साधारण 15 किंवा 28 मिलिमीटर साइजच्या, टेबलावर मांडायच्या आणि टेप आणि फासे घेऊन एखाद्या खऱ्या काळातल्या सैन्यांची लढाई खेळायची. टीम वीकेंडला तीन-चार जणांची टीम असते, प्रत्येक जण वेगळ्या टेबलावर खेळतो आणि सगळ्यांचे गुण एकत्र धरतात. किंवा मग डबल्स असतं, म्हणजे दोघं मिळून एक बाजू चालवतात.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं मित्र पहिल्यांदाच टीम म्हणून जातोय. काळ प्राचीन आहे आणि चौघांनाही रोमनच हवेत. आयोजकांनी स्पष्ट लिहिलंय की एका टीममध्ये एक लिस्ट, म्हणजे सैन्याची पॉइंट्सनुसार केलेली यादी, दोनदा चालणार नाही. दोन आठवडे झाले, भांडण मिटत नाहीये. कोणी काय घ्यावं?
— सेनापती चार, सैन्य एक

उत्तर: रोमन कोणाला द्यायचे हे आत्ता बाजूलाच ठेवा. आधी चौघं बसा आणि कोण कसा खेळतो ते एकमेकांना खरं खरं सांगा, कारण टीममध्ये आर्मी आवडीनुसार कमी आणि स्वभावानुसार जास्त वाटायची असते.

तुमच्यात एक जण असा असेलच जो घाई करत नाही, फळी मोडू देत नाही आणि ज्याला हरवायला समोरच्याला घाम गाळावा लागतो. त्याला मॅसेडोनियन द्या. पाच-सहा मीटर लांबीच्या सारिसा घेतलेल्या भालाइतांची ती भिंत समोरून फोडणं कुठल्याही नियमांत अवघडच असतं. फक्त त्याला एक गोष्ट पक्की सांगून ठेवा, की उंचसखल जमिनीत शिरायचं नाही. इसवीसनपूर्व 168 मध्ये पिद्नाला नेमकं तेच झालं, पुढे सरकता सरकता फळीत फटी पडल्या आणि रोमन शिपाई त्या फटींमधून आत घुसले. टेबलावर टेकडी, नांगरलेलं शेत, झुडपं दिसली की ही लढाई आठवायची.

ज्याला धोका पत्करायला आवडतं आणि एका चार्जवर सगळं लावायची हिंमत आहे त्याने रोमचे शत्रू असलेले हत्तीवाले कार्थेजियन घ्यावेत. हत्ती चालले तर समोरची फळी उडते आणि बिथरले तर आपल्याच लोकांना तुडवतात, आणि इसपू 202 ला झामाच्या लढाईत रोमन सेनापती स्किपिओने केलं तसं समोरच्याने वाट सोडून दिली तर सरळ मागे निघून जातात. टीममध्ये असा एक जण असू द्या, दोन नकोत.

आता घोड्यावरून बाण मारणारे पार्थियन, म्हणजे प्राचीन इराणचे. कार्‍हाय इथे इसपू 53 मध्ये त्यांनी सेनापती क्रॅससच्या रोमन सैन्याची काय अवस्था केली हे वाचून नवीन खेळाडूंना ही आर्मी घ्यावीशी वाटते, आणि मी दरवेळी थांबवते. त्यांचा सेनापती सुरेना, त्याच्याकडे अख्खा दिवस होता आणि बाणांनी लादलेले उंट मागे उभे होते, तुमच्याकडे मोजून तीन तास असतात. गोल गोल फिरत, बाण मारत, मागे सरत खेळलं की वेळ संपते आणि सामना बरोबरीत सुटतो. टीमला बरोबरी चालत असेल आणि खेळणारा अगदी भरभर हात चालवणारा असेल तरच घ्या.

आणि रोमन? ज्याच्याकडे ते आधीच रंगवून तयार आहेत त्याला द्या. तयार आर्मीचा मान पहिला. नसतील कोणाकडेच, तर ज्याला दमलेलं युनिट, म्हणजे तुकडी, मागे घेऊन ताजं पुढे आणायचा कंटाळा नाही त्याला द्या, कारण रोमन फळ्यांची सगळी ताकद त्या अदलाबदलीत आहे. एकदा वाटणी झाली की तारीख ठरवा आणि त्या तारखेनंतर लिस्टमध्ये एकही पॉइंट हलवू नका. शेवटच्या आठवड्यात "अजून एक घोडदळाचं युनिट बसतंय का बघू" असं करत बसलेला माणूस सरावाला येत नाही.

प्रश्न: माझ्या 28 मिमीच्या साधारण नव्वद फिगर्स अजून नुसत्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या थरावर, आहेत आणि हातात सहा आठवडे. मी एका फिगरला दोन-तीन संध्याकाळी घेते. इव्हेंटला पूर्ण रंगवलेलीच आर्मी लागते. रद्द करू का?
— रंगात बुडालेली

उत्तर: अजिबात रद्द करू नका. होतं हे काम. पण एकेक फिगर हातात घेऊन रंगवायची सवय या सहा आठवड्यांपुरती सोडा, जी खास कपाटात ठेवायची आहे तिच्यासाठी राखून ठेवा.

बारा-बारा फिगर्सचा गट करा आणि एक रंग बाराही फिगर्सना लावून झाल्याशिवाय दुसरी बाटली उघडू नका. सगळे अंगरखे, मग सगळं चामडं, मग सगळी लाकडं. चिलखतासाठी एक पद्धत सांगते जी साखळीच्या चिलखतावर फार छान दिसते. आधी पूर्ण काळा रंग द्या, वाळू द्या. मग चपट्या जुन्या ब्रशला स्टीलचा रंग लावा आणि तो टिश्यूवर पुसत राहा, इतका पुसा की टिश्यूवर रेघ उमटायची जवळपास थांबली पाहिजे, आणि मग तो ब्रश चिलखतावरून हलक्या हाताने आडवा फिरवा. रंग फक्त कड्यांच्या उंचवट्यांवर बसतो, खाचा काळ्याच राहतात, आणि एकेक कडी जणू वेगळी कोरल्यासारखी दिसते. एका फिगरला अर्धं मिनिट. चेहऱ्यालाही असंच, त्वचेचा रंग, त्यावर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), तो वाळल्यावर नाक, गालाची हाडं आणि हनुवटी एवढ्यावर पुन्हा त्वचेचा फिका रंग. डोळे काढू नका. टेबलावर माणूस हातभर लांबून बघतो, त्याला डोळे दिसत नाहीत, आणि घाईत काढलेले डोळे वटारलेले दिसतात.

त्या वाचलेल्या वेळातला थोडा वेळ झेंड्यांना आणि बेसला, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या तळाला, द्या. लांबून बघताना नजर आधी तिकडेच जाते. सगळ्या बेसची कड एकाच रंगाची, वाळू आणि गवत एकसारखं, एवढं केलं की साधी रंगवलेली आर्मीसुद्धा एकसंध दिसते. उलट प्रत्येक फिगर सुंदर आणि बेस तसेच उघडे, तर आर्मी अर्धवट वाटते.

वार्निशबद्दल सावध राहा हां. हवेत ओलावा असताना मॅट स्प्रे मारला तर फिगर्सवर पांढुरकी झाक येते आणि सहा आठवड्यांची मेहनत धुक्यात गेल्यासारखी दिसते. शंका वाटली तर स्प्रे नकोच, ब्रशने लावायचं वार्निश घ्या, आणि काहीही असो, आधी एका नको असलेल्या फिगरवर करून बघा.

आणि गट पूर्ण करत चला म्हणजे बाराच्या बारा संपले की ते लगेच सरावाच्या गेममध्ये उतरवता येतात. शेवटचा आठवडा ब्रशला हात लावू नका, तो आठवडा खेळायचा.

प्रश्न: आमचे सरावाचे गेम कधीच संपत नाहीत. तीन तासांत चार टर्न होतात कसेबसे. इव्हेंटलाही तीनच तास आहेत. लोक कसे पूर्ण करतात?
— घड्याळाकडे डोळे

उत्तर: हिशोब मांडून बघा म्हणजे कुठे जातो वेळ ते कळेल. तीन तास म्हणजे 180 मिनिटं. टेरेन, म्हणजे टेकड्या-झाडं, मांडणं, आर्मी काढणं, डिप्लॉयमेंट म्हणजे सैन्य टेबलावर लावणं, यात 20 गेली असं धरा, उरली 160. आठ टर्न खेळायचे तर दोघांचे मिळून 16, म्हणजे तुमच्या वाट्याला एका टर्नला 10 मिनिटं. पण पहिल्या दोन टर्नला नुसतं पुढे सरकायचं असतं, त्याला तीन-चार मिनिटं खूप झाली, आणि तिथे वाचवलेली मिनिटं मधल्या टर्नला लागतात, जेव्हा दोन्ही फळ्या भिडलेल्या असतात. मी बघते ते उलटंच असतं, लोक पहिल्या टर्नला वीस-वीस मिनिटं विचार करतात आणि ऐन लढाईत अंपायर "शेवटची दहा मिनिटं" म्हणून ओरडतो.

यावर उपाय साधेच आहेत पण सराव लागतो. समोरच्याची टर्न चालू असताना तुमची ठरवून ठेवा. सुट्या फिगर्स एकेक हलवू नका, युनिटला एक ट्रे करा आणि ट्रे सरकवा. तुमच्या युनिट्सचे आकडे, म्हणजे चाल, रेंज, लढाईचा गुण, हे एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाशेजारी ठेवा, आणि पुस्तकात काही शोधायचं असेल तर पान आधीच चिकटपट्टी लावून खुणावून ठेवा. सरावाला दोघांच्या वेळेसाठी बुद्धिबळाचं घड्याळ लावून बघा, त्यात कोण किती वेळ खातंय ते लगेच दिसतं, आणि बऱ्याचदा ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळं निघतं. तीन-चार गेम असे झाले की हात आपोआप चालायला लागतो.

हे मी एवढं ताणून सांगते कारण गेम पूर्ण न होणं हा समोरच्यावर खरंच अन्याय असतो. तो लांबून आलाय, तुमच्यासारखीच रात्र रात्र जागून आर्मी रंगवलीय त्याने, आणि त्याचा जिंकत आलेला गेम केवळ वेळ संपली म्हणून अर्धवट राहतो.

प्रश्न: मला टीमचा कॅप्टन केलंय. आयोजकांच्या पत्रकात लिहिलंय की जोड्या कॅप्टन ठरवणार, एक टीम बचावाला खेळाडू ठेवणार, दुसरी दोन खेळाडू देणार वगैरे. काही कळलं नाही.
— नवा कॅप्टन

उत्तर: सोपं आहे. दोन्ही कॅप्टन आपला एक खेळाडू गुपचूप निवडतात आणि एकदम उघड करतात. मग समोरची टीम तुमच्या त्या खेळाडूसमोर आपले दोन खेळाडू ठेवते आणि त्या दोघांतला एक तुम्ही निवडता. तसंच तुम्ही त्यांच्या खेळाडूसमोर दोन ठेवता, ते एक निवडतात. उरलेल्यांच्या जोड्या मग आपोआप लागतात. नियमांत थोडा फरक असू शकतो म्हणून पत्रक पुन्हा वाचा, पण गाभा हाच.

आता तयारी. चार बाय चारचा तक्ता करा, एका बाजूला तुमचे चार, दुसऱ्या बाजूला इव्हेंटला येणाऱ्या नेहमीच्या आर्मीज, आणि प्रत्येक चौकटीत हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका द्या. हिरवा म्हणजे जिंकायला हवं, पिवळा म्हणजे बरोबरीचा, लाल म्हणजे कठीण. हे कॅप्टनने एकट्याने करू नये, ज्याची आर्मी त्यानेच आपले ठिपके द्यावेत, कारण भालाइतांच्या फळीला धनुर्धारी किती छळतात हे ती चालवणाऱ्यालाच ठाऊक. पहिल्यांदा पुढे करायचा तो ज्याला लाल ठिपके सगळ्यात कमी आहेत. जो जास्त जिंकतो तोच पुढे करायचा असं नाही.

आणि कॅप्टनसाहेब, एखाद्याला मुद्दाम लाल जोडीला पाठवत असाल तर त्याला आधी सांगा. "तुला आज कठीण आहे, दहा गुण घेऊन ये, बाकीचे आम्ही बघतो" हे ऐकलेला माणूस जीव तोडून बचाव करतो. न सांगता पाठवलेला माणूस दुसऱ्या टर्नलाच हताश होतो.

प्रश्न: डबल्सला माझा पार्टनर माझा जिगरी आहे, पण टेबलावर मला एकही निर्णय घेऊ देत नाही. मी घोडदळ हलवायला हात पुढे केला की म्हणतो थांब थांब. घरी बोललं तर म्हणतो तू मनावर घेतोस. काय करू?
— नुसता फासे टाकणारा

उत्तर: मनावर घ्यायचीच गोष्ट आहे ही. तुम्हीही तेवढीच तयारी केलीत, तेवढाच प्रवास करणार आहात.

बोलायचं ते टेबलापासून लांब आणि इव्हेंटच्या बरंच आधी बोला, आणि तक्रार म्हणून नको, वाटणी म्हणून बोला. आर्मी दोन भागांत पाडा, मधली फळी आणि एक बाजू त्याची, दुसरी बाजू आणि राखीव तुमचं, असं काहीतरी. आपापल्या भागात शेवटचा शब्द आपला. दुसऱ्याने प्रश्न विचारायचा, हुकूम द्यायचा नाही, "तिथे धनुर्धारी दिसतायत का तुला?" एवढं विचारलं की पुरे. गेमच्या आधी दोघांनी मिळून योजना एका वाक्यात लिहा, उदाहरणार्थ "डावीकडे थांबायचं, उजवीकडून फोडायचं", आणि कोणी गडबडलं की त्या वाक्याकडे बोट दाखवायचं. चर्चा समोरच्याच्या टर्नला करायची, आपल्या टर्नला नाही, नाहीतर दोन डोक्यांमुळे वेळ दुप्पट जातो.

एक सरावाचा गेम असा खेळा ज्यात पहिला अर्धा भाग तो एकही शब्द बोलणार नाही आणि दुसरा अर्धा तुम्ही. त्याला गप्प बसून बघावं लागलं की तुमचं घोडदळ योग्य वेळी कुठे पोहोचतं ते त्याच्या डोळ्यांना दिसेल. माझा अनुभव असा की हे बघितल्यावर चांगले मित्र स्वतःहून मागे सरतात.

प्रश्न: माझे फासे नेहमी वाईट पडतात. मागच्या वेळी टीम माझ्यामुळे हरली. यंदा जावं की नाही असं झालंय.
— कमनशिबी

उत्तर: जा. नक्की जा. पण दोन गोष्टी नीट वाचा.

पहिली फाशांची. बऱ्याच नियमांत दोघंही एकेक फासा टाकतात आणि त्यात आपापल्या युनिटचा गुण मिळवतात. गुण सारखे असतील तर 36 पैकी 15 वेळा तुम्ही जिंकता, 15 वेळा तो, 6 वेळा बरोबरी. आता तुम्हाला फक्त एक गुण जास्त मिळाला, समजा तुमचं युनिट टेकडीवर आहे, तर तुम्ही 21 वेळा जिंकता आणि 10 वेळा हरता. दोन गुण जास्त, म्हणजे टेकडी आणि शिवाय समोरच्याच्या बाजूला आपलं दुसरं युनिट, तर 26 वेळा जिंकता आणि फक्त 6 वेळा हरता. बघा, एकेका गुणाने किती फरक पडतो. सारख्याला सारखं भिडवून दहा लढाया केल्या तर नशीब ठरवणारच, पण प्रत्येक ठिकाणी एक-दोन गुण पुढे राहून भिडलात तर वाईट फासे पडूनही बरंच काही हाती राहतं. तेव्हा सरावात फासे कसे पडले हे लिहू नका, प्रत्येक भिडण्याच्या वेळी तुमचा गुण किती आणि त्याचा किती एवढंच लिहा. दोन-तीन गेमनंतर वही उघडा, मग कळेल की दोष कुठे आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि टीमने खेळणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी. समजा एका सामन्याचे 20 गुण दोघांत वाटले जातात. तुम्ही हरताय हे चौथ्या टर्नला कळलं. तिथून सगळं सोडून शेवटची धडक मारली आणि 20-0 हरलात, किंवा फळी मागे घेतली, जंगलाच्या कडेला पाय रोवले, सेनापतीला सुरक्षित ठेवलं आणि 13-7 हरलात. तुमच्या वहीत दोन्ही हारच. टीमच्या वहीत सात गुणांचा फरक आहे, आणि चार टेबलांच्या बेरजेत सात गुण म्हणजे पुष्कळदा सगळा सामना. एकट्याने खेळताना ही सवय लागतच नाही कारण तिथे हार ती हार. म्हणून सरावात मुद्दाम हरत्या स्थितीतून गेम सुरू करा, तुमची एक बाजू आधीच काढून टाका आणि बघा किती गुण वाचवता येतात. आणि उलटही, जिंकत असाल तर थांबू नका, समोरचा जंगलाकडे सरकायला लागला की त्याची वाट तोडायला घोडदळ आधीच पाठवा.

मागच्या वेळी टीम "तुमच्यामुळे" हरली असं कोणी म्हटलं असेल तर त्याला चारही टेबलांचे आकडे काढायला सांगा.

प्रश्न: काकांच्या जुन्या पेटीत नेपोलियनच्या काळातल्या धातूच्या फिगर्स सापडल्या. काहींवर पांढरी भुकटी आलीय. धुऊन रंगवून वीकेंडला नेता येतील का?
— वारसदार

उत्तर: थांबा, आधी ती भुकटी फुंकू नका आणि कोरड्या ब्रशने झटकू तर अजिबात नका. जुन्या फिगर्समध्ये शिसं भरपूर असायचं, आणि ओलावा आणि लाकडातून, पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ लागली की शिसं गंजून अशी पांढरी पूड तयार होते. ओक लाकडाच्या कपाटात हे फार होतं. ती पूड विषारी असते, श्वासातून किंवा हातातून पोटात जाता कामा नये.

हातमोजे घाला, मास्क लावा, फिगर ओली करून मगच घासा, पाणी आणि कागद वेगळे ठेवून नीट टाकून द्या, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ किंवा लहान मुलांसमोर हे काम करू नका, आणि नंतर हात स्वच्छ धुवा. ज्या फिगर्सचे हात, बंदुका भुसभुशीत झाल्यात त्या वाचत नाहीत, त्या बाजूला ठेवा. बाकीच्या पूर्ण वाळवून प्रायमर, रंग आणि वार्निश असं सगळीकडून झाकलं की टिकतात. त्या लाकडी पेटीत परत ठेवू नका, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

काकांच्या हातच्या फिगर्स टेबलावर उतरवणं यासारखा आनंद नाही, फक्त घाई करू नका. या वीकेंडला जमलं नाही तर पुढच्या.

प्रश्न: विमानाने जायचंय. आर्मी कशी न्यावी?
— सामानवाला

उत्तर: फिगर्स सोबतच्या बॅगेत, खाली सामानात नाही. बेसखाली मॅग्नेटिक शीट चिकटवा आणि डब्याच्या तळाला पातळ लोखंडी पत्रा, म्हणजे डबा हलला तरी फिगर्स जागच्या हलत नाहीत. पण बॅग आडवी होणारच, तेव्हा डबा एकदा घरीच उलटा करून बघा, गादीवर. जी फिगर पडते तिचा बेस जड आहे किंवा मॅग्नेट लहान आहे. रंगाचे आणि वार्निशचे स्प्रे विमानात चालत नाहीत, ते नेऊच नका. धातूची मोठी आर्मी चांगलीच जड होते, वजन आधी करा. तारेचे टोकदार भाले असतील तर तपासणीला डबा उघडून दाखवायची तयारी ठेवा, आणि आर्मीचा एक फोटो मोबाइलमध्ये असू द्या, समजावायला सोपं जातं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाबद्दल विमान कंपनीचे नियम बघा किंवा पोहोचल्यावर टीममधल्या कोणाकडून घ्या.

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धाचा वीकेंड आहे आणि माझी आर्मी जर्मन. झेंड्यावर स्वस्तिक असावं का? इतिहास आहे म्हणून ठेवावं असं एक मित्र म्हणतो.
— संभ्रमात

उत्तर: नको. जर्मनीत तर हे चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणं काही ठराविक अपवाद सोडले तर गुन्हा आहे, आणि कायदा नसलेल्या ठिकाणीही बरेच आयोजक ते बंद ठेवतात. पण त्याच्याही पलीकडे, समोर बसलेल्या माणसाच्या घरातलं कोण त्या काळात काय भोगून गेलंय हे तुम्हाला माहीत नसतं. रणगाड्याला नंबर आणि साधा काळा-पांढरा क्रॉस पुरतो, टेबलावर आर्मी ओळखू येते. इतिहास शिकायचा तर तो वाचून शिकावा, झेंड्यावरून नाही.

प्रश्न: मी पहिल्यांदाच जातेय, नियम पूर्ण पाठ नाहीत. माझ्यामुळे समोरचा चिडेल, वाद होतील, अशी भीती वाटते. सोबत काय काय ठेवू?
— धाकधूक

उत्तर: सामानाचं आधी सांगून टाकते: टेप दोन, कारण एक नेहमी दुसऱ्याकडे जाते. फासे, दोन वेगळ्या रंगांचे. लिस्टच्या छापील प्रती, एक तुमची आणि बाकी समोरच्यांसाठी. नियमांचं पुस्तक आणि त्यातल्या दुरुस्त्यांचं पान. थकलेल्या, विस्कळीत युनिट्ससाठी टोकन. गोंद, पेन, पाण्याची बाटली, आणि दिवसभर उभं राहता येईल असे बूट, ते मात्र विसरू नका, बरेच जण पायांमुळे थकतात.

आता वादाचं. बहुतेक वाद दोन-तीन मिलिमीटरवरून होतात आणि ते आधी बोलून टाळता येतात. गेम सुरू व्हायच्या आधी समोरच्याला सांगा, "मी नवीन आहे, चुकलं तर सांगा." मग दोघं मिळून टेबलावरून एक फेरी मारा: ही टेकडी कुठून सुरू होते, या झाडांतून दिसतं का, हा ओढा ओलांडता येतो का. ठरलं की ठरलं, मध्येच बदलायचं नाही.

आणि चाल करताना हेतू मोठ्याने बोला. "हे घोडदळ मी तुमच्या धनुर्धाऱ्यांच्या रेंजच्या बाहेर ठेवतेय, बरोबर ना?" तो टेप लावतो, हो म्हणतो, झालं. पुढच्या टर्नला कोणाच्या तरी बाहीने युनिट दोन मिलिमीटर सरकलं तरी दोघांनाही माहीत असतं की ते बाहेर होतं. जे खेळाडू असं बोलून खेळतात त्यांच्या टेबलावर अंपायरला बोलवायची वेळ क्वचितच येते.

तरी अडलंच, तर पुस्तकात दोन मिनिटं शोधा, नाही सापडलं तर दोघांनी मिळून अंपायरला बोलवा आणि प्रश्न समोरच्याला मांडू द्या, तुम्ही फक्त ऐका आणि राहिलेलं भरा. असं केलं की अंपायरला दोन्ही बाजू शांतपणे कळतात, आणि तुम्ही नवीन असलात तरी समोरच्याला कळतं की तुम्हाला गेम नीट खेळायचाय. निर्णय कोणाच्याही बाजूने लागो, तो त्या गेमपुरता पक्का, नियम संध्याकाळी निवांत वाचा. मोजणी झाली, निर्णय झाला, की लगेच पुढची चाल करा, घड्याळ चालूच असतं.